पाणी जातं कुठे?

वसई-विरार पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या व्हॅनचं मागचं दार उघडा. स्टेपनी, जॅक, सुतळीचं बंडल आणि त्यांच्या शेजारी पाण्याने भरलेला प्लास्टिकचा कॅन. हे पाणी पिण्यासाठी नसतं. निर्मळ, भुईगाव, नाळे, आगाशीकडची भाजी-फुलं घेऊन निघणारी व्हॅन असो, अर्नाळा किंवा पाचूबंदरची मासळी वाहणारी असो, नालासोपाऱ्यात पोरांना शाळेत सोडणारी असो, की वज्रेश्वरी-गणेशपुरीला भाविकांना नेणारी असो, सकाळी गाडी काढण्याआधी चालक कुलंटच्या बाटलीत डोकावतो, पातळी उतरलेली दिसते, तो कॅन उचलतो, पाणी ओततो आणि निघतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: जुनी गाडी आहे, थोडं पाणी खातेच.

गाडी पाणी खात नाही. पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. इंजिन ऑइल थोडंफार जळू शकतं. पण इंजिन थंड ठेवणारं कुलंट बंद वाटेने फिरत असतं: इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात. पातळी पुन्हा पुन्हा उतरते आहे याचा अर्थ ते कुठून तरी निसटतं आहे. ती जागा दिसत नसेल, तर ती शोधावी लागते. रोज पाणी ओतल्याने गळती थांबत नाही, उलट तिचा पुरावा पुसला जातो, आणि शेवटी वाहतूककोंडीत एखाद्या दुपारी इंजिनच बसतं. ज्या घराची चूल त्या व्हॅनवर पेटते, त्या घरासाठी हा मोठा घाव असतो. म्हणून लपलेल्या गळतीचा माग कसा काढायचा, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

सीटखालचं इंजिन

मारुतीने १९८४ साली व्हॅन बाजारात आणली. १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं. २०१० मध्ये आलेल्या ईकोने इंजिन मोठं केलं, ११९६ सीसीचं आणि चार सिलिंडरचं, पण जागा तीच ठेवली. त्यांच्याही आधी आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर महाराष्ट्राच्या रस्त्यांवर होती. १९८७ मध्ये याच कंपनीची ट्रॅव्हलर आली आणि २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. वसईत आजही या सगळ्या पिढ्यांचे वंशज दिसतात. काहींवर ठाण्याचा जुना एमएच ०४ क्रमांक असतो, तर वसईचं आरटीओ कार्यालय झाल्यानंतरच्या गाड्यांवर एमएच ४८.

कारमध्ये बॉनेट उघडलं की इंजिनाचा बहुतेक भाग नजरेसमोर येतो. ओम्नी-ईकोसारख्या गाडीत सीट उचलावी लागते, आणि उचलल्यावरही दिसतो तो फक्त वरचा भाग. खालच्या नळ्या, इंजिनाच्या मागच्या अंगाचे जोड, जमिनीलगतचे पाइप हे सारं बघायला गाडी वर चढवावी लागते. इंजिन अडचणीच्या जागेत असल्यामुळे तिथे उष्णता कोंडते, रबर लवकर कडक होतं, आणि ठिबकणारा थेंब खाली पडण्याआधी तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडून वाफ होऊन जातो. जमिनीवर डाग नाही, म्हणून मालक निश्चिंत असतो.

त्यात रस्त्याची भर. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ससूनवघर, मालजीपाडा ते वर्सोवा पूल या टप्प्यात कोंडी झाली, की गाडी तासन्‌तास इंच-इंच सरकते. चिंचोटी-कामणमार्गे भिवंडीकडे जाणाऱ्यांचीही तीच कथा. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो. कोंडीत सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. तापमान वाढतं, आतला दाब वाढतो, आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर जी फट गप्प राहिली होती ती उघडते.

पाणी ओतण्याची सवय आली कुठून

ही सवय कुणाच्या आळसातून आलेली नाही. ती मोटारीच्या जन्मापासूनची आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये मोटारीच्या जनकाच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या. साधारण १०६ किलोमीटरचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाणं हीच इंजिन थंड ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे थांबून ते भरावं लागलं. पुढे अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला, आणि थोडं पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरता येऊ लागलं.

आपल्याकडे घाट चढून आलेली बस बाजूला लावून तिच्यात पाणी ओतणारा चालक जुन्या पिढीने पाहिला आहे. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या डिकीतही पाण्याचा कॅन असे; त्या टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. त्या गाड्यांसाठी ते बरोबर होतं. आजच्या व्हॅनची व्यवस्था वेगळी आहे. ती दाबाखाली चालते.

रेडिएटरचं झाकण घट्ट बसणारं साधं बूच नाही. त्यात स्प्रिंगवर चालणारी झडप असते आणि ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करते. लहान व्हॅनच्या झाकणावर बहुधा ०.९ हा आकडा कोरलेला दिसतो, म्हणजे ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब. साधं पाणी उघड्यावर १०० अंश सेल्सिअसला उकळतं. या दाबाखाली ते साधारण ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं कुलंटचं मिश्रण उघड्यावरच १०६-१०७ अंशांपर्यंत तग धरतं आणि दाबाखाली त्याहून बरंच वर. झडपेने दाब सोडला की जास्तीचं कुलंट शेजारच्या बाटलीत जातं आणि इंजिन थंड झालं की दुसऱ्या छोट्या झडपेतून ते परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. या व्यवस्थेत कुठेही बारीक भोक पडलं, तर कुलंट जातंच आणि दाबही जातो. दाब गेला की उकळण्याची मर्यादा खाली येते. म्हणजे गळती लहान असूनही गाडी तापू शकते.

आधी रेघ, मग पाना

गळती शोधण्याची पहिली पायरी कुठल्याही यंत्राशिवाय होते. रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण थंड झालेली गाडी सपाट जागेवर असताना बाटलीवर मार्करने रेघ मारायची आणि तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा बघायचं. गरम इंजिनात कुलंट फुगलेलं असतं, म्हणून संध्याकाळी घेतलेलं माप फसवतं. रेडिएटरचं झाकणही थंड गाडीतच उघडून आत काठोकाठ आहे का ते बघायचं, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा अशी अवस्था होऊ शकते. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी आतलं कुलंट उसळतं आणि तोंड-हात भाजतात.

दुसरी गोष्ट हिशोबाची. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाभरात सुमारे १८० मिलिलिटर जातं. दोन तासांच्या कोंडीत ३५० मिलिलिटरच्या आसपास. व्यवस्थेत एकूण चार लिटर कुलंट धरलं, आणि दर वेळी अर्धा लिटर गेल्यावर साधं पाणी घातलं, तर अशा पाच भरण्यांत ग्लायकॉलचं प्रमाण ५० टक्क्यांवरून जवळजवळ २५ टक्क्यांवर येतं. गंज रोखणारी रसायनंही त्याच प्रमाणात विरळ होतात. पाणी ओतणारा माणूस पातळी राखतो, पण संरक्षण गमावत जातो.

कुलंट निसटायला वाटा तीनच: गाडीच्या बाहेर, माणसं बसतात त्या केबिनमध्ये, किंवा इंजिनाच्या आत. शोध याच क्रमाने करायचा. बाहेरची गळती सर्वांत स्वस्त, आतली सर्वांत महाग. अनेक ठिकाणी उलटं होतं. गाडी तापली की पहिला निकाल येतो: हेड गेलं. हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग, उतरतं, त्याखालचं गॅस्केट बदलतं, पैसे जातात, आणि पातळी पुन्हा उतरते.

एका ईकोची तपासणी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका भाजी उत्पादकाच्या ईकोवर नेमका हाच निकाल लागला होता. गाडी जुनी, सीएनजी किट नंतर बसवून घेतलेलं. हेड उतरवण्याआधी मालकाने ती गोखिवऱ्याच्या औद्योगिक भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींना दाखवली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मालकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि खरी तपासणी तिथेच सुरू झाली. पातळी उभ्या गाडीत उतरते की चालून आल्यावर? लांबच्या फेरीनंतर जास्त की जवळच्या? अलीकडे कुठलं काम झालं? काच आतून धुरकट होते का? सीएनजीवर गाडी कशी चालते, पेट्रोलवर कशी?

उत्तरांत दोन गोष्टी निघाल्या. उभ्या गाडीत पातळी हलत नाही; कोंडीतून आलं की उतरते. आणि अलीकडे सीएनजीवर गाडी झटके देते, पेट्रोलवर टाकली की ठीक चालते. दुसरी तक्रार मालकाने गॅसच्या खात्यात टाकली होती. मिस्त्रींनी ती लक्षात ठेवली.

मग गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरला. एसी चालू ठेवून गाडी थांबवली तेव्हा पुठ्ठ्यावर ओल दिसली. वसईच्या दमट हवेत एसीचं पाणी भरपूर गळतं आणि त्याने अनेकांची दिशाभूल होते. ओळख सोपी आहे. एसीचं पाणी रंगहीन, वासहीन असतं आणि वाळल्यावर मागे काही ठेवत नाही. कुलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास असतो, आणि वाळलं की हिरवट, गुलाबी किंवा पांढरट पापुद्रा राहतो. मासळीच्या व्हॅनमध्ये आणखी एक गोंधळ असतो: बर्फाचं खारं पाणी तळातून टपकत राहतं आणि त्यात कुलंटचा थेंब हरवून जातो. अशी गाडी आधी स्वच्छ धुऊन, वाळवून मगच तपासावी लागते. पुठ्ठ्यावरची ओल एसीचीच निघाली.

पुढे झाकण. मिस्त्रींनी ते हातपंपाच्या दाबमापकावर लावलं. ते लिहिलेल्या दाबाच्या बरंच आधी सुटत होतं. रबर कडक होऊन चिरलं होतं. नवं झाकण बसलं. इथे बरेच जण थांबतात, कारण एक दोष सापडलेला असतो. पण जुन्या गाडीत दोष एकटा नसतो. एका ठिकाणचा दाब नीट झाला की दुसरी कमकुवत जागा बोलू लागते. रेघ पुन्हा खाली गेली, जराशी कमी वेगाने.

मग दाबचाचणी. रेडिएटरच्या तोंडावर झाकणाऐवजी हातपंप आणि मापक असलेलं साधन बसवायचं, थंड इंजिनात झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही, आणि वीसेक मिनिटं काट्याकडे बघत राहायचं. काटा उतरला तर गळती आहे. या ईकोत काटा हलला नाही. हे बघून मालकाला हेडचीच भीती वाटू लागली.

मिस्त्रींना मात्र त्यातून उलटा अर्थ दिसला. काही गळत्या फक्त थंड गाडीत होतात: रात्री रबर आणि धातू आकसले की क्लिप सैल पडते, सकाळी दोन थेंब पडतात आणि इंजिन तापलं की जोड पुन्हा घट्ट होतो. काही गळत्या फक्त गरम गाडीत होतात: नळीतली चीर उष्णतेने आणि दाबाने उघडते. त्यांनी साधन थंड गाडीवर बसवलेलंच ठेवलं, इंजिन सुरू केलं आणि मापकावर लक्ष ठेवून ते तापू दिलं. पंखा लागून बंद झाला, इंजिन बंद केलं, आणि ते थंड होण्याआधीच काटा उतरायला लागला.

गळती आहे हे सिद्ध झालं. जागा अजून हवी होती. कुलंटमध्ये चकाकणारा रंग मिसळून मालकाला गाडी नेहमीच्या फेरीवर पाठवलं. परत आल्यावर शेड अंधारी करून अतिनील टॉर्च मारला. रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या आणि ॲल्युमिनियमचा गाभा जिथे दाबून जोडलेले असतात ती कडा, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, वरची-खालची मोठी नळी, सगळं कोरडं. पंपाला हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाझर दिसतो आणि तो बहुधा पंप फिरत असतानाच येतो. मग मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा त्यांनी इंजिनाच्या मागच्या अंगाला घातला. तिथे, सीएनजीच्या प्रेशर रेग्युलेटरकडे जाणाऱ्या बोटभर नळीच्या वळणावर, पिवळसर-हिरवी चकाकी होती. चीर केसाएवढी. तिच्या बरोबर खाली सायलेन्सरचा तापलेला पाइप. थेंब पडत होता आणि त्याच क्षणी नाहीसा होत होता.

गॅस आणि कुलंट यांचं नातं

मुंबई महानगराच्या पट्ट्यात सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या व्हॅन अगणित आहेत, आणि त्यांच्या मालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की कुलंट गॅसच्या रेग्युलेटरमधूनही फिरतं. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. इंजिनाला तो अगदी कमी दाबाने हवा असतो. दाब एकदम उतरला की गॅस खूप थंड होतो आणि रेग्युलेटर गोठायला लागतो. तो गरम राहावा म्हणून इंजिनाचं गरम कुलंट दोन छोट्या नळ्यांनी त्याच्याभोवती खेळवलेलं असतं. पातळी उतरली किंवा तिथे हवा अडकली की रेग्युलेटर थंड पडतो, कधी त्यावर दवाचा किंवा बर्फाचा थर दिसतो, आणि गाडी गॅसवर झटके देते. पेट्रोलला रेग्युलेटर लागत नाही, म्हणून पेट्रोलवर ती नीट चालते. मालकाने सांगितलेली दुसरी तक्रार ही त्याच गळतीची खूण होती.

नंतर बसवलेल्या किटमध्ये या नळ्या मूळ वाहिनीला टी-जोड देऊन काढतात. जितके जोड अधिक, तितक्या क्लिपा अधिक आणि गळतीच्या जागा अधिक. त्या कारखान्याच्या आराखड्यात नसतात, म्हणून नुसता मूळ आराखडा बघून तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. रेग्युलेटरच्या आतलं सील फाटलं तर कुलंट गॅसच्या वाटेने इंजिनात जाऊ शकतं आणि लक्षणं हुबेहूब हेड गेल्यासारखी दिसतात. बाहेरच्या कुलंटच्या नळ्या आणि क्लिपा गॅरेजमध्ये बदलता येतात. रेग्युलेटर उघडणं हे मात्र अधिकृत सीएनजी केंद्राचंच काम. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तेव्हाच या नळ्याही बदलून घेतल्या तर वेगळा खोळंबा होत नाही.

त्या ईकोच्या दोन्ही नळ्या आणि सगळ्या क्लिपा बदलल्या. रेघ जागेवर थांबली. हेडला हात लावावा लागला नाही.

आतली गळती ओळखताना

केबिनमधली वाट दुर्लक्षित राहते, कारण वसईत हीटर कुणी लावत नाही. पण ज्या गाडीत हीटर आहे, तिच्या डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून कुलंट फिरत असतंच. तो फुटला की पायाखालचं मॅटिंग ओलसर होतं, केबिनमध्ये गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतं. पावसाळ्यात हे सगळं दमटपणाच्या माथी मारलं जातं.

बाहेर आणि केबिनमध्ये काही सापडलं नाही, तरच इंजिनाच्या आत बघायचं, आणि तेही पुराव्यानिशी. थंड गाडीत झाकण उघडून इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत राहिले, थंड इंजिन सुरू केल्यावर पांढरा गोडसर वासाचा धूर बराच वेळ येत राहिला, किंवा एकच स्पार्क प्लग बाकींच्या तुलनेत धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर संशय बळावतो. रेडिएटरच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची नळी मिळते. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड तिच्यातून गेला की निळा द्रव पिवळा होतो. त्यानंतर कॉम्प्रेशन तपासायचं. इतकं झाल्यावरच हेड उतरवण्याचा निर्णय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली फिकट तपकिरी चिकट थर दिसला की लगेच घाबरूही नये. पावसाळ्यात फक्त शाळेच्या जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही आणि दमट हवेचं पाणी साठून असा थर बनतो. डिपस्टिकवरचं सगळं ऑइलच दुधाळ झालं असेल, तर ती गोष्ट वेगळी. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

आपलं पाणी, आपली हवा

वसई-विरारमध्ये गळतीचं मूळ पुष्कळदा त्या कॅनमधल्या पाण्यातच असतं. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींना आणि बोअरवेलना खारेपणा आहे. टँकरचं पाणी कुठून भरलं हे कुणाला ठाऊक नसतं. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम धातूवर थर बनून बसतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतात. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडत आरपार भोक करतं. इंजिनाच्या ब्लॉकवर पत्र्याच्या गोल टोप्या असतात, त्यांना कोअर प्लग म्हणतात. त्याही आतून गंजून एक दिवस पाझरू लागतात. म्हणजे गळती झाली म्हणून खारं पाणी ओतायचं, आणि त्या पाण्याने आणखी चार गळत्या तयार व्हायच्या.

बाहेरून समुद्राची हवा काम करतेच. क्लिपा गंजतात, रेडिएटरच्या पत्र्या झडतात. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या होत्या, वस्त्यांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. असं तुंबलेलं पाणी जमिनीलगतच्या लोखंडी पाइपांना जो गंज लावून जातं, तो नंतर अनेक वर्षं आपलं काम करत राहतो.

रस्त्यात अडकल्यावर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती जुने चालक सांगतात. बारीक भोक तिने तात्पुरतं बुजतंही. पण ती पूड भोक आणि नळी यांत फरक करत नाही. हीटरच्या, रेग्युलेटरच्या, रेडिएटरच्या बारीक वाटा तिने बुजतात आणि गळतीची गाडी तुंबलेली गाडी होते. गळती बुजवणाऱ्या बाजारातल्या बाटल्यांचंही हेच. घरी पोहोचण्यापुरता त्यांचा उपयोग. त्यावर महिनोन्‌महिने गाडी चालवणं घातक.

वाटेत अगदीच नाइलाज झाला तर साधं पाणी घालावं, गाडी वाचवावी. पण घरच्या कॅनमध्ये तयार कुलंट किंवा बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर ठेवावं. कुलंट रंगावरून निवडू नये. हिरवा, निळा, गुलाबी हे रंग उत्पादक ठरवतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच घ्यावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत.

जुनं कुलंट गटारात ओतू नये, ही गोष्ट मी कळकळीने सांगतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. दारातली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणानेही मरतात. लहान मुलांनाही तेवढाच धोका. आपल्या गावांतून आजही बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, आणि विहिरी आहेत. त्या गोड्या पाण्याने वसईची हिरवाई जगवली. गॅरेजच्या नाल्यातून ते विष तिकडे जाता कामा नये. झाकणबंद कॅनमध्ये साठवून ते जुन्या ऑइलसोबत अधिकृत उचल करणाऱ्यांनाच द्यावं.

दुरुस्तीनंतर

गळती बंद झाली की काम संपत नाही. व्यवस्थेत शिरलेली हवा बाहेर काढावी लागते. रेडिएटर पुढे, इंजिन मागे सीटखाली आणि मध्ये लांब नळ्या अशी रचना असल्यावर हवेचा फुगा कुठेतरी अडकून बसतो. तिथे कुलंट पोहोचत नाही, धातू तापतो. तापमान मोजणारा सेन्सर हवेत लटकला तर तो कमी तापमान दाखवतो आणि चालकाला सगळं ठीक वाटतं. म्हणून गाडीचं पुढचं अंग उंच करून, हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवून, थंड इंजिनात हळूहळू कुलंट भरावं. पुस्तिकेत हवा काढण्याचा स्क्रू दाखवला असेल तर तो वापरावा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर आपोआप उघडणारी झडप, उघडून पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवावं, पूर्ण थंड होऊ द्यावं आणि पुन्हा पातळी बघावी. काही गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जातं, ऑइलमध्ये दमटपणा साठतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

दाबचाचणीचं साधन महाग यंत्रसामग्रीत मोडत नाही. तरीही वसई-विरारमधल्या कितीतरी लहान गॅरेजांत ते नाही, आणि ग्राहक मागत नाही म्हणून ते येतही नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार इथले कारागीर हाताने अव्वल आहेत. त्यांच्या हाताला हे एक मापक आणि एक टॉर्च मिळाला, तर अंदाजाने उतरवली जाणारी हेडं वाचतील. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक मुलांना सीएनजी व्हॅनची कुलंटची वाट प्रत्यक्ष गाडीवर शिकवली पाहिजे. शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांनी जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ही चाचणी करून घ्यावी आणि पालकांनी ती मागावी. पोरं त्याच तापलेल्या इंजिनाच्या मागे बसलेली असतात.

जुनी व्हॅन म्हणजे मोडीत काढायची वस्तू नाही. नीट सांभाळलेलं इंजिन आणखी कित्येक वर्षं भाजीची, मासळीची, माणसांची वाहतूक करू शकतं, आणि नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या घराला तेच परवडतं. त्यासाठी चालकाने करायचं काम फार नाही. उद्या सकाळी कॅन उचलण्याआधी थंड गाडीच्या बाटलीवर रेघ मारावी. ती खाली गेली, तर गॅरेजवाल्याला पाणी भरायला सांगू नये. पाणी जातं कुठे, एवढंच विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत हेड उतरवू देऊ नये.